कोसी पात्र का सोडते? खचणारी जमीन, मोसमी पाऊस आणि मैदानातल्या नद्या

मंडळी,

१८ ऑगस्ट २००८ या दिवशी नेपाळमधल्या कुसहा गावाजवळ कोसी नदीचा पूर्व तटबंध फुटला. भीमनगरच्या बॅरेजपासून ही जागा वरच्या अंगाला बारा-तेरा किलोमीटरवर आहे. नदी पात्राबाहेर पडली, जुन्या बुजलेल्या धारांमधून वाट काढत दक्षिणेला निघाली आणि तिचा मुख्य प्रवाह सुमारे १२० किलोमीटर पूर्वेकडे सरकला. बिहारच्या सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा आणि पूर्णिया या जिल्ह्यांतली तीस लाखांहून अधिक माणसं त्यात सापडली. यांतल्या बऱ्याच गावांनी दोन पिढ्यांत कोसीचा पूर पाहिलेला नव्हता.

आता आकड्यांकडे बघा. त्या दिवशी नदीत साधारण १ लाख ४४ हजार क्युसेक पाणी होतं. बॅरेजची आखणी साडेनऊ लाख क्युसेकसाठी झालेली. म्हणजे क्षमतेच्या १५ टक्के पाण्यात बांध गेला. त्याआधी कित्येक दिवस नदी बांधाच्या पायाशी आणि बांधापासून आत काढलेल्या आडव्या भिंतींशी, म्हणजे स्परांशी, घासत होती. पाणी बांधावरून गेलंच नाही, त्यानं बांध कुशीतून खाल्ला. उलट सप्टेंबर २०२४ मध्ये याच बॅरेजवरून ६ लाख ६१ हजार क्युसेक पाणी गेलं. खाली काही ठिकाणी बांध फुटले, नुकसानही झालं, पण नदीनं कुसहासारखं पात्र सोडलं नाही.

तेव्हा फार पाणी आलं की नदी पात्र सोडते, हे उत्तर इथे पुरत नाही. २००८ मध्ये भूकंपही नव्हता. या प्रकाराचं उत्तर शोधायचं तर तीन वेगवेगळी घड्याळं वाचावी लागतात. जमीन खचण्याचं घड्याळ लाखो वर्षांचं असतं, हवामानाचं हजारोंचं आणि गाळाचं दशकांचं. यांतलं तिसरं लोक विसरतात, आणि माझ्या मते मैदानातली नदी पात्र कधी सोडेल हे ठरवण्यात सगळ्यात मोठा वाटा त्याचाच असतो.

आपण दख्खनची माणसं. नदी म्हटलं की आपल्यासमोर येते ती खडकात बसलेली नदी. गोदावरी पैठणच्या घाटाला सोडून जात नाही, आणि चंद्रभागेचं वळण पंढरपूरला शतकानुशतकं तिथेच आहे. भीमा-गोदावरीच्या काठी गाळ आहे, पण बहुतेक ठिकाणी तो दहा-वीस मीटरांचा, आणि खाली बेसाल्ट. नदीला आडवं भटकायला जागाच नाही. उत्तर बिहारमध्ये खाली खडक लागायला काही किलोमीटर खोल जावं लागतं. हा फरक पहिला समजून घेऊ.

भारतीय भूपट्ट आणि युरेशिया यांची टक्कर सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. आजही भारत वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तर-ईशान्येकडे सरकतो, आणि त्यातले दोनेक सेंटिमीटर हिमालयाच्या पट्ट्यातच जिरतात: खडकांचे थर एकमेकांवर चढतात. या चढलेल्या थरांचं वजन भारतीय भूपट्टाच्या उत्तर टोकावर पडतं. लांब फळीच्या एका टोकावर पोती रचत गेलो की ते टोक वाकतं आणि पोत्यांच्या पुढ्यात फळीला खोलगट बाक येतो. भूपट्टाचं तसंच झालं. तो बाक म्हणजे गंगेच्या मैदानाखालचं खोरं. हिमालयाच्या पायथ्याशी तिथे गाळाची जाडी चार-पाच किलोमीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त आहे. दक्षिणेकडे ती कमी होत जाते आणि बुंदेलखंडाजवळ जुना खडक वर डोकावतो.

हा बाक सगळीकडे सारखा नाही. भूपट्टाच्या पाठीवर जुने कणे, म्हणजे गाळाखाली गाडलेले खडकांचे लांब उंचवटे, आहेत: दिल्ली-हरिद्वार, फैजाबाद, मुंगेर-सहरसा. त्यांच्या मधल्या भागांत, म्हणजे शारदा आणि गंडक नद्यांच्या खाली, गाळ जास्त जाड आहे. मैदानावर उभं राहिलं तर यातलं काहीही दिसत नाही. बोअरहोल, तेलशोधासाठी केलेली भूकंपलहरींची सर्वेक्षणं आणि गुरुत्वाकर्षणाची मोजणी यांतून ते कळलं. पण नद्यांना ते कळतं.

वरून खाली यायचं तर मैदानाचे पट्टे तिथल्या लोकांनीच नावं देऊन ठेवले आहेत, आणि भूशास्त्रानं ती नावं जशीच्या तशी घेतली. डोंगराच्या पायाशी भाबर: गोटे आणि भरड वाळू. इथे ओढ्यांचं पाणी जिरून जातं. त्याच्या खाली तराई: जिरलेलं पाणी बारीक गाळाशी अडून पुन्हा वर येतं, म्हणून दलदल. मग भांगर, म्हणजे जुना, पुराच्या वर राहिलेला गाळ. त्यात कंकर, म्हणजे चुन्याचे खडे, सापडतात. आणि नदीच्या काठची दरवर्षी नवी होणारी जमीन ती खादर. भांगर आणि खादर हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न येईल तेव्हा याच दोन शब्दांवर तो उभा असेल.

खचण्याचा वेग काढू. पायथ्याशी साडेचार किलोमीटर गाळ साठायला दीड-दोन कोटी वर्षं लागली असं धरलं, तर सरासरी वर्षाला पाव मिलिमीटरच्या आसपास. माणसाच्या आयुष्यात दोन सेंटिमीटर. हा आकडा बाजूला ठेवा, थोड्या वेळानं त्याची गाळाशी तुलना करायची आहे.

कोसी तीन मोठ्या नद्यांची मिळून बनते: पश्चिमेकडून सुनकोसी, उत्तरेकडून अरुण, पूर्वेकडून तमोर. अरुण तिबेटच्या पठारावरून निघून मुख्य हिमालय आडवा चिरत येते. सगरमाथा म्हणजे एव्हरेस्ट आणि कांचनजंगा या दोन्हींच्या उतारांचं पाणी या खोऱ्यात येतं. छत्र्याला नदी डोंगरातून बाहेर पडते तिथवरचं पाणलोट क्षेत्र सुमारे ५९ हजार चौरस किलोमीटर. मोसमी वाऱ्यांची पहिली धडक या उंच दक्षिण उतारांवर बसते, आणि वर्षाच्या पाण्यातला फार मोठा वाटा जून ते ऑक्टोबरमध्येच येतो. या पाण्याबरोबर छत्र्याशी वर्षाला सरासरी दहा कोटी टन गाळ उतरतो. बीरपूरला, म्हणजे बॅरेजशी, तो आठ कोटींच्या आसपास राहतो. खाली गंगेला मिळण्याआधी बलतारा इथे मोजला तर चार-सव्वाचार कोटी. वरून आलेल्या गाळातला निम्म्याहून जास्त वाटेत बसतो.

का बसतो? उतार संपतो म्हणून. छत्र्याजवळ नदीचा उतार किलोमीटरला एक मीटरच्या आतबाहेर आहे, गंगेजवळ पोचेपर्यंत तो दहा सेंटिमीटरच्याही खाली येतो. पाण्याला वाळू ढकलण्याचा जोर राहत नाही. वाळू आधी बसते, मग बारीक वाळू, शेवटी चिखल. हजारो वर्षं असा गाळ टाकत कोसीनं दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा पंखा, म्हणजे पंख्यासारखा पसरलेला गाळाचा प्रदेश, तयार केला आहे. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १८० किलोमीटर, रुंदी १५० च्या आसपास. डोंगरातून बाहेर पडलेल्या एका नदीनं रचलेल्या जगातल्या मोठ्या पंख्यांमध्ये याची गणना होते. या पंख्यावर पूर्णियापासून पश्चिमेपर्यंत जुन्या पात्रांच्या खुणा आहेत, आणि स्थानिक भाषेत त्यांना धार म्हणतात.

आता गणित. तटबंधांमधली रुंदी ठिकठिकाणी बदलते, पाच किलोमीटरपासून पंधराच्या पुढेपर्यंत. छत्रा ते बॅरेज हा सुमारे ४० किलोमीटरचा टप्पा घेऊ आणि सरासरी रुंदी सहा किलोमीटर धरू. क्षेत्र झालं २४० चौरस किलोमीटर. तिथे वर्षाला दोन कोटी टन गाळ अडतो. ओल्या गाळाची घनता घनमीटरला दीड टन धरली तर १ कोटी ३३ लाख घनमीटर. भागाकार केला की वर्षाला साडेपाच सेंटिमीटर. बॅरेजच्या खालच्या १२५ किलोमीटरच्या टप्प्यासाठी हाच हिशेब आठ किलोमीटर रुंदी धरून केला तर अडीच सेंटिमीटर येतो. हे ढोबळ आकडे आहेत, गाळ एकसारखा पसरत नाही, पण त्यांची पातळी चुकीची नाही. बॅरेज १९६२-६३ च्या सुमारास पूर्ण झालं. तिथून २००८ पर्यंत ४५ वर्षं धरली की बॅरेजच्या वरच्या भागात दोन-अडीच मीटर भर पडली. कुसहा नेमकं त्याच भागात येतं.

मघाचा आकडा आठवा: खचणं वर्षाला पाव मिलिमीटर. बांधांच्या आत गाळाची भर त्याच्या दोनशे पट. बांध नसते तर तोच पाच-सहा कोटी टन गाळ सगळ्या पंख्यावर पसरला असता आणि वर्षाला तीन-चार मिलिमीटर भरला असता. तरीही खचण्याच्या पुढेच, पण दशकात पात्र उचललं जाण्याइतका नाही. तेव्हा भूगर्भीय हालचालींनी खड्डा दिला हे खरं. पण नदी पुढच्या पन्नास वर्षांत कुठे जाईल हे त्या खचण्यावरून सांगता येत नाही.

पात्र सोडण्याची यंत्रणा साधी आहे. पात्रात आणि काठाला लागून गाळ जास्त बसतो, दूरच्या सखल भागात कमी. हळूहळू पात्र आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर येतं. मोजायचं असं: काठाची उंची पलीकडच्या पूरमैदानाच्या वर किती, हे काढून त्याला काठोकाठ वाहतानाच्या खोलीनं भागायचं. हे गुणोत्तर अर्ध्याच्या पुढे जाऊन एकाकडे सरकलं की नदी धोक्यात. दुसरी मोजणी उताराची: पात्राच्या दिशेनं किलोमीटरला २० सेंटिमीटर उतार आणि काठावरून बाहेर मीटरभर, म्हणजे आडवा उतार पाचपट. पाण्याला फक्त एक भगदाड हवं. ते पुरानं पडेल, भोवऱ्यानं बांधाचा पाय कापल्यानं पडेल किंवा उंदीर-घुशींच्या बिळातून पाझर सुरू होऊन पडेल. निमित्त लहान असू शकतं, कारण तयारी झालेली असते. एक उदाहरण म्हणून: पात्राची खोली चार मीटर आणि सभोवतालच्या तुलनेत भर वर्षाला चार सेंटिमीटर असेल, तर शंभर वर्षांत गुणोत्तर एकाला पोचतं. बांधानं भर वाढवली की ही मुदत तेवढीच आकसते.

बांधाचं आणखी एक दुखणं आहे, ज्याची मोजदाद कमी होते. बाहेरच्या लहान नद्या आणि नाल्यांची तोंडं बंद होतात. सोडण्यासाठी दरवाजे ठेवले तरी आतलं पात्र वर आल्यावर ते उघडता येत नाहीत, उघडले तर पाणी उलटं येतं. त्यामुळे बांधाच्या बाहेर, पूर नसतानाही, महिनोन्महिने पाणी साचून राहतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बिहारमध्ये १६० किलोमीटर तटबंध होते, आज साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक आहेत. पूरप्रवण मानलेलं क्षेत्र याच काळात २५ लाख हेक्टरवरून १९९० च्या दशकात ६८ लाख हेक्टरांच्या पुढे गेलं. सगळी वाढ बांधांमुळे झाली असं म्हणणं अन्याय होईल, पण बांधांनी ती रोखली असं म्हणण्यालाही आधार नाही.

कोसीच्या सरकण्याचा अभ्यास सांगायचा तर पुण्याचं नाव घ्यावं लागतं. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राशी जोडलेले सी. व्ही. गोळे आणि एस. व्ही. चितळे यांनी १९६६ मध्ये कोसीच्या या पंख्यावर, म्हणजे समुद्रापासून दूर आत बनलेल्या त्रिभुज प्रदेशावर, जो लेख लिहिला, तो आजही या विषयावरच्या प्रत्येक लेखाच्या यादीत असतो. १७३६ नंतर कोसी पूर्वेकडून पश्चिमेकडे टप्प्याटप्प्यानं शंभर किलोमीटरांहून जास्त सरकली, हे चित्र जुन्या नकाशांवरून पक्कं झालं. त्याचं कारण म्हणून लोकांनी पंख्याचा पश्चिमेकडे कल, भूकंप, मोठे पूर असं सगळं सुचवलं. १९८० च्या दशकात सरकण्याच्या तारखा भूकंपांच्या आणि पुरांच्या तारखांशी ताडून पाहिल्या, तेव्हा सरळ नातं दिसलं नाही. पुढे आणखी जुने नकाशे तपासल्यावर तर एकाच दिशेनं सरकण्याचं चित्रही डळमळलं: नदी पंख्यावर मागेपुढे झुलत होती असं काही अभ्यासक म्हणू लागले. २००८ मध्ये ती एका झटक्यात पूर्वेला गेली. मला हा दुसरा पक्ष जास्त पटतो. एकाच दिशेनं जाणारी नदी पंखा भरू शकत नाही. तिला कधीतरी परतावंच लागतं.

पंख्यांच्या मध्ये जी सखल पट्टी राहते तिथे वेगळ्याच नद्या आहेत. गंडक आणि कोसी यांच्या पंख्यांच्या मधून बागमती, कमला आणि बूढी गंडक वाहतात. बागमती पायथ्याच्या डोंगरांतून येते, बूढी गंडक मैदानातच उगम पावते. गोमतीही मैदानातलीच, पिलीभीत जिल्ह्यात माधोटांडा इथल्या तळ्यातून निघते. मोठ्या नदीनं सोडलेल्या रुंद वळणांत अशी लहान नदी वाहताना दिसली की समजावं, पात्र पूर्वी दुसऱ्या कुणाचं होतं. आणि या सगळ्या उत्तरेकडच्या पंख्यांनी खुद्द गंगेला दक्षिणेकडे रेटलं आहे. मुंगेर, सुलतानगंज, कहलगाव इथे गंगेच्या पाण्यात कठीण खडक उघडे आहेत. पलीकडे राजमहालच्या टेकड्या, आपल्या दख्खनच्या बेसाल्टच्या नात्यातल्या पण त्याहून कितीतरी जुन्या. उत्तरेला किलोमीटरांचा गाळ असताना गंगा खडकाला टेकून वाहते, कारण तिला दुसरी जागा ठेवलेलीच नाही.

आता पश्चिमेकडे जाऊ, कारण हवामानाचा धडा तिथे जास्त स्वच्छ आहे. कानपूरजवळ बिठूरला, जिथे दुसरा बाजीराव हद्दपार होऊन राहिला, गंगेचा एक काठ दहा-पंधरा मीटर उभा कड्यासारखा आहे. यमुनेवर काल्पीला हा कडा तीस मीटरांच्या घरात जातो. चंबळच्या घळी सगळ्यांना माहीत आहेत. या भागात नदी आपल्याच जुन्या गाळात खोल कापत गेली आहे. कितीही पूर आला तरी वरच्या भांगरवर पाणी चढत नाही. म्हणून काशी, प्रयाग, कानपूर शतकानुशतकं जागेवर आहेत.

त्याच हिमालयातून येणाऱ्या नद्या, त्याच मैदानात, पश्चिमेला कापतात आणि पूर्वेला भरतात. फरक कशानं? पश्चिमेकडच्या नद्यांत पात्राच्या चौरस मीटरला ४० वॉटच्या आसपास प्रवाहशक्ती, म्हणजे पात्र कापण्याची आणि गाळ ढकलण्याची ताकद, आहे आणि पाणलोटातून वर्षाला चौरस किलोमीटरमागे १५० ते ३५० टन गाळ येतो. पूर्वेकडे प्रवाहशक्ती ६ ते २० वॉट, गाळ १५०० ते २००० टन. पूर्वेला पाऊस जास्त, डोंगराचं पाणलोट मैदानी भागाच्या मानानं मोठं, आणि खोरंही जास्त खचतं. अमेरिकन अभियंता ई. डब्ल्यू. लेन यांनी १९५५ मध्ये मांडलेला तोल इथे उपयोगी पडतो: एका बाजूला पाणी आणि उतार, दुसऱ्या बाजूला गाळ आणि कणाचा आकार. पाण्याची बाजू जड झाली की नदी खाली कापते, गाळाची झाली की पात्र भरतं.

म्हणून 'पाऊस वाढला तर नदी काय करेल' या प्रश्नाला एक उत्तर नाही. पाऊस वाढला की पाणीही वाढतं आणि दरडीही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, मोसमी पाऊस दुबळा होता. त्या काळात पश्चिम मैदानात नद्यांमधल्या उंच भागांवर तळी, वाऱ्यानं आणलेली माती आणि कंकर यांचे थर बसले. अकरा ते सात हजार वर्षांपूर्वी पाऊस आजच्यापेक्षा जोरदार झाला. त्याच काळात गंगा-ब्रह्मपुत्रेनं बंगालमध्ये आजच्या वेगाच्या दुपटीहून जास्त गाळ ओतला. पश्चिमेकडच्या नद्यांनी या वाढीव पाण्यानं आपले कडे कापले, आणि त्यातला गाळ खाली गेला. एकच पाऊस, वर कापणी, खाली भरणी.

राजस्थान-पाकिस्तानातल्या घग्गर-हाकरा या आता बहुतांशी कोरड्या नदीची गोष्ट इथे थोडक्यात. कालीबंगा आणि आसपासच्या हडप्पाकालीन वस्त्यांजवळून मोठी हिमालयीन नदी वाहत होती, असं बराच काळ मानलं गेलं. वाळूच्या कणांवरून पाहिलं तर सतलजनं हा मार्ग आठ हजार वर्षांपूर्वीच सोडला होता, म्हणजे शहरं वसण्याच्या कितीतरी आधी. लोक राहत होते ते सोडून दिलेल्या दरीत, पावसाच्या पाण्यावर वाहणाऱ्या लहान नदीकाठी. पूर कमी आणि ओल भरपूर, अशी जागा खरं तर सोयीचीच.

तारखा काढतात कशा? बहुतेक वेळा ल्युमिनेसन्सनं. वाळूचा क्वार्ट्झ कण सूर्यप्रकाशात आला की त्यातली साठलेली ऊर्जा पुसली जाते. गाडला गेला की आजूबाजूच्या किरणोत्सारानं पुन्हा साठू लागते. काळा किंवा अपारदर्शक पाइप, साधारण पाच सेंटिमीटर व्यासाचा आणि एक वीत लांब, ताज्या साफ केलेल्या भिंतीत ठोकायचा, दोन्ही टोकं बंद करायची आणि लाल उजेडाच्या प्रयोगशाळेत उघडायचा. साठलेली किरणोत्साराची मात्रा ३० ग्रे (हे मात्रेचं एकक) आणि वार्षिक मात्रा हजार वर्षांना ३ ग्रे निघाली तर वय १० हजार वर्षं. चुका कुठे होतात? मोठ्या पुरात गढूळ पाण्यातून आलेल्या कणांना पुरेसा प्रकाश मिळत नाही, मग वय खऱ्यापेक्षा जास्त निघतं. अशा वेळी एकेका कणाची मोजणी करून सगळ्यात तरुण गट धरावा लागतो. थरातली ओल चुकीची धरली की वार्षिक मात्रा चुकते, कारण पाणी किरणोत्सार अडवतं. हिमालयाच्या नव्या क्वार्ट्झचा संकेत मुळातच फिका असतो. आणि दीड-दोनशे ग्रेनंतर कण भरून जातो, पुढचं वय त्यातून कळत नाही.

एखाद्या बदलाचं कारण जमीन की हवामान हे ओळखायचं तर बदलाचा पसारा बघायचा. शेजारच्या तीन-चार नद्या एकाच सुमारास कापू लागल्या तर हवामान. एकच नदी एकाच टप्प्यात वागणं बदलत असेल, म्हणजे एका रेषेच्या वर ती पसरून दलदल करते आणि खाली अचानक जास्त वळणं घेते किंवा कापते, तर त्या रेषेवर जमीन उचलली जात आहे का हे तपासायचं. त्यासाठी नदीच्या मार्गावर उंचीचा छेद काढा, पण तीस मीटरच्या उपग्रह उंचीनकाशावर विसंबू नका: सपाट मैदानात झाडांची आणि घरांची उंची त्यात मिसळते, आणि आपण शोधत असलेला उंचवटा दोन-तीन मीटरांचाच असतो. भूपृष्ठावरचे लेव्हलिंगचे बिंदू आणि बोअरहोलमधला एखादा ओळखीचा थर दोन्ही बाजूंना जुळवून पाहिल्याशिवाय नकाशावर भ्रंश, म्हणजे जमिनीतली सरकलेली भेग, दाखवू नये. नकाशावर सरळ दिसणारी प्रत्येक नदी भ्रंशावर नसते. हे मुद्दाम सांगतो, कारण या चुकीनं बरेच लेख भरलेले आहेत.

भूकंपाचं काय? तो नदी हलवतो, पण बहुतेकदा गाळाच्या वाटेनं. १५ ऑगस्ट १९५० चा आसामचा ८.६ तीव्रतेचा भूकंप घ्या. डोंगर दरडींनी मोकळे झाले, तो गाळ मोसमी पुरांनी खाली आणला आणि दिब्रुगडला ब्रह्मपुत्रेचं पात्र सुमारे तीन मीटर वर आलं. पुढची काही दशकं हा गाळ खाली सरकत गेला आणि नदी रुंद होत काठ खात राहिली. जमिनीचा धक्का मिनिटांचा, परिणाम पन्नास वर्षांचा, आणि तो पोचवला पावसानं. भूकंपानं थेट पात्र बदलल्याचा सबळ पुरावा २०२४ मध्ये बांगलादेशातून आला: ढाक्याच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर गंगेचं एक जुनं मोठं पात्र, आणि त्याच्या जवळच जमिनीत वर फेकल्या गेलेल्या वाळूच्या उभ्या भिंती. अशा भिंती ओल्या वाळूला जोराचा धक्का बसला की बनतात. दोन्हींचं वय सुमारे अडीच हजार वर्षं. ब्रह्मपुत्रेनं मैमनसिंगचा जुना मार्ग सोडून मधुपूरच्या उंचवट्याच्या पश्चिमेला आजची जमुना धरली, त्याचं कारण मात्र अजून वादात आहे. १७८७ च्या पुरात तिस्ता वळून ब्रह्मपुत्रेला मिळाली, जमीनही कलत होती. कुणाचा वाटा किती हे सांगणं अवघड.

बंगालमध्ये समुद्राचाही हात आहे. हिमयुगात समुद्रपातळी सुमारे १२० मीटर खाली होती, नद्यांनी खोल दऱ्या कापल्या, आणि मधल्या उंच भागांवर हजारो वर्षं हवा लागून तांबूस, लोहाचा गंज चढलेली माती तयार झाली. समुद्र वर आला तेव्हा दऱ्या करड्या, सेंद्रिय द्रव्यानं भरलेल्या नव्या गाळानं भरल्या. हातपंप कुठल्या वाळूत बसतो यावर आज माणसांचं आरोग्य ठरतं. करड्या नव्या वाळूत ऑक्सिजन नसतो, लोहाचे लेप विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात येतं. तांबूस जुन्या वाळूत ते अडकून राहतं. बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातही नव्या खादरमधल्या उथळ पंपांत आर्सेनिक सापडलं. मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. बोअर घेताना वर आलेल्या वाळूचा रंग नोंदवणं ही फुकटची चाचणी. पाण्याची तपासणी मात्र तरीही करायचीच.

शेवटी आपल्या घरची एक गोष्ट. महाराष्ट्रात खचलेलं खोरं नाही असं नाही. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी गाविलगडचा भ्रंश आहे आणि त्याच्या दक्षिणेला तापी-पूर्णेच्या दरीत काहीशे मीटर गाळ आहे. दख्खनच्या मानानं हे प्रचंड. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा आहे, तो याच भरलेल्या खोऱ्यात. चिकणमातीतून पाणी खाली जात नाही, कोरड्या हवेत वाफ होते, क्षार मागे राहतात. तिथे विहिरी खोल करून गोडं पाणी मिळत नाही. उलट खारं पाणी वर खेचलं जातं. पावसाचं पाणी शेततळ्यात धरून एक-दोन संरक्षित पाणी देणं हाच चालणारा मार्ग.

पश्चिमेला, जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या बाजूला, परिस्थिती उलटी. सातपुड्याच्या पायथ्याला ओढ्यांनी टाकलेले गोटे आणि भरड वाळू यांचा पट्टा आहे, त्याला बझाडा म्हणतात. हिमालयाच्या पायथ्याचा भाबर, लहान प्रमाणात. केळीचं पाणी इथूनच निघतं आणि उपशामुळे बोअर खोल खोल जात आहेत. या पट्ट्यात पाणी जिरवायचं तर बंधारा बांधून काम संपत नाही. पहिल्या दोन-तीन पुरांतली बारीक माती तळाला सालासारखी बसते आणि जिरणं बंद होतं. साल दरवर्षी मे महिन्यात खरवडून काढायला हवी. पुनर्भरण खड्डा घेतला तर तो मातीचा थर भेदून गोट्यांपर्यंत न्यायचा, खाली मोठे गोटे, मग खडी, वर जाड वाळू भरायची; वरची हातभर वाळू दरवर्षी बदलायची आणि पहिल्या पुराचं गढूळ पाणी त्यात जाऊ द्यायचं नाही.